संगणक बदलला, अक्षरांचे काय?

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. म्हणजे आपला देव हा लेखनिकांचाही देव. त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत लिहिण्याच्या साधनाविषयी काही मजकूर आला तर तो अस्थानी ठरू नये.

मी रेल्वेतला डिप्लोमाधारक अभियंता. इतिहासकार नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. परंतु गेल्या वर्षी समितीने माझ्याकडे एक काम सोपवले आणि त्यातून घरच्या संगणकाचा, तंजावरच्या मोडी कागदांचा आणि आपल्या या स्मरणिकेचा इतिहास एकाच धाग्यात गुंफला गेला. तो वाचकांपुढे ठेवतो.

काम साधे वाटले होते. आपल्या समितीचे एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आपण सगळे अण्णा म्हणत असू, ते २०१६ साली देवाघरी गेले. कुंभकोणम परिसरातील जुन्या मराठी घराण्यांविषयी त्यांनी या स्मरणिकेत लेखमाला लिहिली होती. जागेअभावी तिचा निम्माच भाग छापला गेला. पूर्ण मजकूर त्यांच्या संगणकावर होता. तो काढून पुस्तिका करायची, एवढेच काम. अण्णांच्या मुलाने एक सीडी आणि चार फ्लॉपी माझ्या हातात दिल्या. घरी येऊन सीडी लावली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता सडा पडलेला दिसला. मराठी एक अक्षर नाही.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अण्णांनी १९९९ साली पहिला संगणक घेतला. सुटे भाग जोडून तयार केलेला, विंडोज ९८ असलेला. त्या काळच्या संगणकाला मराठी येत नव्हते. पुण्याच्या सीडॅकने जिस्ट तंत्राच्या द्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या होत्या, श्रीलिपी, आकृती यांसारखी पॅकेजेस छापखान्यांत रूढ होती. पण सर्वसामान्य माणसाच्या हाती पडत ते फॉन्ट. या फॉन्टची युक्ती गमतीची होती. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजीच टाइप करीत असता. फक्त त्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. आत इंग्रजी खूण, बाहेर मराठी रूप. आणि कोणत्या खुणेवर कोणते चित्र बसवायचे, हे जो तो आपापल्या मर्जीने ठरवी. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये ‘ज्ञ’ होई. अण्णांच्या पॅकेजला तर संगणकाच्या मागे लावायचा डाँगलही होता. तो नसेल तर पॅकेज उघडतच नसे.

प्रमाण ठरलेच नव्हते असे मात्र नाही. भारत सरकारने इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली ठरवला. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली मान्य केली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्यापासून आहे. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगातल्या प्रत्येक संगणकावर एकच. परंतु घरगुती संगणकात हे यायला विंडोज २००० आणि त्यानंतरची एक्सपी उजाडावी लागली. एक्सपीतही ती सोय आधी सीडी घालून चालू करावी लागे. आपल्यापैकी कितीजणांना तेव्हा हे ठाऊक होते? मला तरी नव्हते.

माझ्या घरी २००६ साली एक्सपीचा संगणक आला. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. आता यात विषाणू शिरला तर कोणी दुरुस्ती देणार नाही, असा त्याचा अर्थ. नवे विंडोज त्या जुन्या यंत्राला झेपेना आणि मुलांच्या फीच्या दिवसांत नवे यंत्र मला झेपेना. त्याच सुमारास तामिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना एक्सपीऐवजी सीडॅकने तयार केलेल्या ‘बॉस’ लिनक्सचा विचार करण्यास सांगितले होते. मनात आले, सरकारी कचेरी विचार करू शकते, तर आपण का नाही? एका रविवारी बसून मी उबुंटू लिनक्स बसवले.

खरे सांगायचे तर पहिले दोन महिने घरात शांतता नव्हती. स्कॅनर चालेना. ऑफिसच्या एक्सेल फाइलींतली काही गणिते उलटसुलट होऊ लागली. नेहमीची चिन्हे नेहमीच्या जागी नाहीत म्हणून आमच्या सौ.ने दोन दिवस अबोला धरला. पण हळूहळू बसले. तिकिटे काढणे, विजेचे बिल, बँक, मराठी वर्तमानपत्र वाचणे, पत्र लिहिणे, या रोजच्या कामांना काहीच अडेना. आणि एक अनपेक्षित लाभ झाला. इन्स्क्रिप्ट कळफलकात ‘क’ची कळ मराठीला जी, तीच तमिळलाही. शाळेचा तमिळ निबंध लिहिणारी माझी मुलगी आणि मराठी पत्र लिहिणारा मी, दोघांची बोटे एकाच कळेवर पडू लागली. कुंभकोणमातल्या मराठी घराला याहून सोयीचे काय असेल?

म्हणजे माझा संगणक बदलला तो सुखाने. अण्णांचा मजकूर मात्र त्या बदलात पलीकडेच राहिला. आमच्या रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर गेज बदलले आणि माल जुन्याच डब्यात राहिला.

ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. नागपट्टणम ते तिरुचिरापल्ली हा तंजावरवरून जाणारा मार्ग १८६० च्या दशकाच्या आरंभी ब्रॉडगेजने बांधला गेला. १८७५ साली तो मीटरगेज केला गेला. आणि आपल्या पिढीने तो पुन्हा ब्रॉडगेज झालेला पाहिला. ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर, मीटरगेजचे १००० मिलिमीटरवर. जिथे दोन गेज भेटत तिथे सगळा माल हमालांकरवी एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. त्यात वेळ जाई, गोणी फाटत, माल सांडे. पण चढवला नाही तर तो तिथेच पडून राही. इंजिन कितीही चांगले असले तरी गेज वेगळे असेल तर उपयोग नाही.

अक्षरांच्या बाबतीत हे आपल्याकडे पूर्वीही झाले आहे, तेही इथून चाळीस किलोमीटरवर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरला स्थापलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या दरबाराचा रोजचा कारभार, हिशेब, पत्रे मराठीत आणि मोडी लिपीत लिहिली जात. मोडी म्हणजे झरझर लिहिण्याची लिपी, हात न उचलता ओळ पुढे नेणारी. तिचे असंख्य कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आणि अन्यत्र आहेत. भाषा आपली, शब्द आपले. पण आज आपल्यापैकी कोणी ते रुमाल सोडले तर काय वाचता येईल? पुढे छापखान्यात बाळबोध लिपी रुळली, विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली आणि दोनतीन पिढ्यांत घरचाच कागद परका झाला.

त्याच तंजावरात बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. तो बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीत आहे. आपल्याकडून तंजावरला जाणारा कोणीही मराठी माणूस आजही त्या भिंतीपुढे उभा राहून अक्षरे लावू शकतो. भाषा जुनी वाटेल, शब्द अडतील, पण अक्षर अडणार नाही. सरफोजींनी १८०५ साली देवनागरीचा छापखानाही काढला होता आणि त्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या होत्या. एकाच राजवटीचे दोन मजकूर. एक सर्वांच्या लिपीत असल्यामुळे उघडा राहिला, दुसऱ्याला जाणकाराची वाट पाहावी लागते. आपल्या सुदैवाने असे जाणकार मिळाले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांतील निवडक भागाचा तमिळ अनुवाद खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केला. आपल्या पूर्वजांचे कागद आपल्याला तमिळमधून वाचावे लागतात, हे मला प्रथम कळले तेव्हा आनंद वाटला आणि थोडी लाजही वाटली.

अण्णांच्या फाइली म्हणजे आमची वीस वर्षांची मोडी होती.

आता उपायाविषयी. डाँगल लावायला जुना संगणक मिळाला नाही. पण स्मरणिकेचे जुने अंक होते. वाळवीने दोन अंक खाल्ले होते, बाकीचे शाबूत होते. छापलेले पान एका बाजूला आणि पडद्यावरचा गोंधळ दुसऱ्या बाजूला ठेवून मी आणि माझी मुलगी रोज रात्री जेवणानंतर बसू लागलो. छापील पानावर ‘गणेश’ आहे, पडद्यावर तिथे या चार खुणा आहेत. म्हणजे ही खूण ‘ग’ची. अशी वहीत यादी केली. ती दीडशेच्या वर गेली, कारण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, उंच आणि ठेंगणा उकार, सर्वांच्या खुणा वेगळ्या.

मग दोन अडचणी आल्या. जुन्या फॉन्टमध्ये जसे दिसते तसे साठवलेले असे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते म्हणून तिची खूण आधी आणि ‘क’ची नंतर. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो त्या क्रमाने, आधी ‘क’ आणि मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. ‘मूर्ती’मधला ‘र’ आपण ‘त’च्या आधी उच्चारतो, पण दिसतो डोक्यावर, म्हणून त्याची खूण मागे. सरसकट बदल केला तर प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसे. मुलीने त्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. उरलेले हाताने शोधून बदलले. तीन आठवड्यांनी पहिले पान स्वच्छ मराठीत उभे राहिले. त्यात अण्णांनी आपल्या आजोबांच्या ओसरीचे वर्णन केले होते. मी ते मोठ्याने वाचले. घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

लेखमाला जवळपास सगळी मिळाली. परंतु एक गोष्ट गेली, ती सांगितलीच पाहिजे. चार फ्लॉपींपैकी एकीवर अण्णांच्या हस्ताक्षरात ‘आईच्या ओव्या’ असे लिहिले होते. तंजावरी मराठीतल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी आईकडून ऐकून उतरवल्या होत्या. त्या कधीच छापल्या गेल्या नव्हत्या. ती फ्लॉपी उघडलीच नाही. दोन ठिकाणी दाखवून पाहिली, चकतीला बुरशी लागली आहे असे उत्तर मिळाले. त्या ओव्या म्हणणारे आता कोणी नाही. त्यावर कोणताही प्रोग्राम चालत नाही.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली आणि बरीच चालती यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत संगणक बदलण्याचा विषय निघाला आहे. कोणी नवे विंडोज घेईल, कोणी मॅक, कोणी माझ्यासारखा लिनक्सकडे वळेल, आणि कोणी संगणक बंद करून सगळे मोबाइलवर आणील. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे आणि खिशाप्रमाणे ठरवावे. माझे सांगणे एवढेच की यंत्र निवडण्याआधी माल तपासा. जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यातल्या मराठी फाइली उघडा, युनिकोडमध्ये करून घ्या, एक प्रत कागदावर छापा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. फ्लॉपी, सीडी असतील तर आजच काढा, पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत नको. फाइलीत आजीची पाककृती असो की वंशावळ, ती क्षुल्लक समजू नका. तंजावरच्या कारकुनालाही आपला रोजचा हिशेब क्षुल्लकच वाटला असेल.

मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, हे जाता जाता सांगतो. म्हणजे तंजावरचे कागद आता मूळ लिपीत संगणकावर टाइप करता येतात. वाचणारे तेवढे तयार व्हायला हवेत. समितीने मोडीचा एखादा वर्ग काढला तर पहिला विद्यार्थी म्हणून माझे नाव लिहून घ्यावे.

अण्णांची पुस्तिका या उत्सवात श्रींच्या चरणी ठेवली जाणार आहे. तिचे शेवटचे पान आम्ही मुद्दाम कोरे ठेवले आहे. त्यावर फक्त ‘आईच्या ओव्या’ एवढेच शीर्षक आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी, कोणा वडीलधाऱ्या बाईंना त्यांतली एखादी जरी आठवत असेल, तर कृपया आरतीनंतर मला भेटावे. मी वही घेऊन बसलेला असेन.

चूकभूल द्यावी घ्यावी. गणपती बाप्पा मोरया!