मद्रासचा मुक्काम

बदलीच्या नोकरीत माणसाला दोन गोष्टी कराव्याच लागतात. सामान बांधणे आणि परक्या गावी जागा शोधणे. पहिली कालांतराने अंगवळणी पडते, दुसरी मात्र दर वेळी नव्याने छळते. सरकारी नोकरांसाठी केंद्र सरकारने १९५६ साली रजा प्रवास सवलत सुरू केली, आणि पुढे भारतात कोठेही जाण्याची मुभा तीत मिळाली. परंतु सवलत मिळते ती गाडीभाड्याची. गाडीतून उतरल्यावर बायकामुलांसह डोके कोठे टेकावे, ह्याचा विचार त्या नियमांनी केलेला नाही. ती काळजी ज्याची त्याने करायची.

आम्ही दिल्लीस असताना एका मे महिन्यात सहकुटुंब रामेश्वराला निघालो. वाटेत चेन्नईला, आमच्या तोंडी बसलेल्या जुन्या नावाने मद्रासला, दोन दिवस मुक्काम ठरला होता. सेंट्रल स्टेशनाबाहेरच्या पहिल्या लॉजवाल्याने आमची मुले मोजली आणि त्या हिशेबाने भाडे सांगितले. ते आमच्या आठवड्याच्या खर्चाइतके होते. त्रिप्लिकेनमध्ये खोल्या स्वस्त मिळतात असे कोणी सांगितले म्हणून तिकडे गेलो, तर तिथली ती ‘मॅन्शन’ एकट्या पुरुषांसाठी. कुटुंब पाहताच व्यवस्थापकाने नुसता हात हलवला. शेवटी रिक्षावाल्याने, ‘सत्तिरम्’ आहे, तिथे जागा मिळेल, असे म्हणून एका जुन्या इमारतीपुढे आणून सोडले. दारात केळीचे खांब उभे होते, आत नादस्वरम् वाजत होते आणि पंगत बसली होती. ते सत्तिरम् आता कल्याण मंडपम्, म्हणजे मंगल कार्यालय, झाले होते.

मुलांना पायरीवर बसवून आम्ही उभे होतो, तेव्हा त्या शब्दाने मनात घर केले. सत्तिरम् म्हणजे आपले सत्र, तेच आपल्या बोलीत छत्र, अन्नछत्र. इंग्रजांनी ह्या वास्तूला ‘चौल्ट्री’ म्हटले, आणि तो शब्द आला तेलुगू ‘चावडी’वरून. पाटीलकुलकर्ण्यांची जी चावडी आपण जाणतो, तिच्याशी त्याचे नाते उघड आहे. सतराव्या शतकात कंपनीच्या मद्रासेत किरकोळ दाव्यांचे न्यायालयही चौल्ट्रीतच बसे, आणि आजच्या अण्णा सालईच्या, म्हणजे माउंट रोडच्या, आसपासचा प्रदेश जुन्या कागदपत्रांत ‘चौल्ट्री प्लेन’ म्हणूनच ओळखला जातो. वाटसरूचा निवारा आणि सरकारची कचेरी एकाच नावाने चालत होती, ही गोष्ट सरकारी नोकराला तरी गंमतीची वाटावी.

परंतु आम्हाला त्या पायरीवर अधिक बोचली ती दुसरी गोष्ट. ह्याच तमिळ मुलखात मराठी राज्यकर्त्यांनी अनोळखी प्रवाशासाठी निवारे बांधले होते, आणि ते बहुधा मराठीजनांच्या स्मरणातही नाहीत. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे १६७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत ती गादी भोसल्यांकडे राहिली. ह्या घराण्याने रामेश्वराच्या वाटेवर एकामागून एक छत्रे उभारली. बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे यमुनांबापुरम् घ्या, किंवा ओरत्तनाडूचे मुक्तांबापुरम् घ्या. सेतुभावाछत्रम् हे तर आज एका गावाचेच नाव होऊन बसले आहे. मुक्तांबापुरम् हे दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबा ह्या आपल्या प्रिय सहचारिणीच्या स्मरणार्थ १८०१-०२च्या सुमारास बांधले. त्याच्या मंडपाचा दगडी जोता रथासारखा कोरलेला असून त्याला घोडे जुंपलेले आहेत.

सरफोजीराजांचे चरित्र ह्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले, पण १७८७ साली गादी गेली अमरसिंहाकडे. मुलाच्या जिवाला धोका आहे असे वाटून १७९३ साली त्यांना आणि तुळजाराजांच्या राण्यांना कंपनीच्या आश्रयाला मद्रासेस हलवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम पंधरा-सोळा होते. १७९८ साली ते गादीवर आले ते असे काही वर्षे परक्या शहरात, परक्याच्या छपराखाली काढून. त्या दिवसांचा आणि पुढील छत्रांचा कार्यकारणसंबंध जोडणे हे इतिहासाचे काम नव्हे. छत्रे त्यांच्या आधीपासूनची होती. तथापि छत्रांविषयी ते ज्या आग्रहाने लिहितात, त्यामागे हा अनुभव नसेलच असेही आम्हाला म्हणवत नाही.

हे लिहिणे म्हणजे तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्याला १८०१ साली पाठविलेले पत्र. दोनच वर्षांपूर्वी, १७९९च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाजवळ उरले होते किल्ला, वाडा आणि नेमणूक. छत्रांना लावून दिलेली गावे जाऊ नयेत, एवढ्यासाठी राजाने छत्रांत काय काय चालते ते सविस्तर कळवले. ब्राह्मणापासून पारियापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला जेवण. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला शिधा. जेवणे मध्यरात्रीपर्यंत चालत, आणि मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाळी दिली जाई. पावसापाण्याने अडकलेल्याला तो अडकून राहील तितके दिवस अन्न मिळे. आजाऱ्याला वैद्य, औषध आणि पथ्य, तान्ह्यांना दूध, गरोदर स्त्रीची विशेष काळजी. प्रवासात आईबाप दगावलेली मुले छत्रातील पंतोजींच्या हवाली होत, आणि कोणी तेथेच वारला तर त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यविधी होई.

कोणी म्हणेल, राजाने आपल्या संस्थेचे वर्णन रेसिडेंटाला करताना रंग थोडा गडद दिला असेल. दिलाही असेल. पण हे वर्णन करणाऱ्याला प्रवासातील माणसाच्या अडचणी नेमक्या ठाऊक होत्या, हे नाकारता येत नाही. रात्री उशिरा पोचणारा पाहुणा, अडवणारा पाऊस, रडणारे पोर, ह्यांतली एकही अडचण आज जुनी झालेली नाही. शिधा वेगळा आणि पंगत वेगळी, हेही त्यात स्पष्टच आहे. सर्वांना जागा होती, पण सर्वांना एकत्र जागा नव्हती.

मद्रासेतही दानशूर होते. हैदराच्या स्वारीने पडलेल्या १७८२च्या दुष्काळात पेज वाटण्यासाठी निघालेले मणेगार चौल्ट्री हे त्यांतले ठळक उदाहरण. मणियकारर्, म्हणजे गावचा मुखिया, ह्या पदावरून ते नाव पडले. १७९९ साली तिथे रुग्णालय आले, आणि आजचे स्टॅन्ली रुग्णालय हा त्याचाच वंशविस्तार. मात्र शहरात यात्रेकरूंच्या मुक्कामाची खरी निकड निर्माण केली ती आगगाडीने. १८७१ साली मुंबई आणि मद्रास ह्यांकडून आलेले मार्ग रायचूरला जोडले गेले, १८७३ साली सेंट्रल उभे राहिले, १९०८ साली एग्मोरची इमारत झाली, आणि १९१४ साली पांबनचा पूल झाल्यावर गाडी रामेश्वर बेटावर जाऊ लागली. पायवाटेवरची छत्रे ओस पडली. उत्तरेकडून आणि मुंबईकडून येणारे मोठ्या रुळांवरून सेंट्रलला येत. तंजावर-रामेश्वराची गाडी लहान रुळांवरून एग्मोरहून सुटे. दोन स्टेशनांत अंतर कोसभराच्याही आतले, पण ह्या कोसभरात वळकट्या, ट्रंका आणि म्हातारी माणसे घेऊन रात्र काढावी लागे. सेंट्रलच्या समोरच राजा सर सवलै रामस्वामी मुदलियार ह्यांनी बांधलेली चौल्ट्री का आहे, ह्याचे उत्तर त्या दोन रुळांच्या रुंदीत आहे.

जाता जाता एक गोष्ट. सेंट्रलच्या शेजारी ज्या रेल्वे कंपनीचे मुख्य कार्यालय १९२२ साली उभे राहिले तिचे नाव ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’. शहराच्या नावाशेजारी आपले नाव असे कोरलेले पाहून मराठी प्रवाशाचा ऊर भरून येई की नाही कोण जाणे. त्या काळातल्या स्टेशनांवरच्या भोजनगृहांत ब्राह्मणांची आणि इतरांची बसण्याची जागा वेगळी होती, आणि ती व्यवस्था पेरियार रामस्वामींच्या चळवळीनंतर १९४१ साली बंद झाली. धर्मादायाच्या छपराखाली जे चालत होते ते तिकीट काढूनही सुटले नव्हते.

उडुपीच्या लोकांनी हे चित्र बदलले. कृष्णराव ह्यांनी १९३८ साली रॉयपेट्ट्यात ‘वुडलँड्स’ सुरू केले, आणि स्वातंत्र्यानंतर ‘दासप्रकाश’सारखी मोठी हॉटेले झाली. पैसे देणाऱ्याला जात न विचारता स्वच्छ खोली आणि सात्त्विक जेवण मिळू लागले. हा लाभ थोडा नव्हे. पैशाने माणसाची एक मानहानी संपवली, आणि दुसरी सुरू केली, एवढेच. आमच्यासारख्या मधल्या पगाराच्या माणसाला ती हॉटेले रोज परवडण्यासारखी नव्हती. छत्रांच्या जमिनींचे उत्पन्न जिथल्या तिथे राहिले, खर्च वाढत गेला, आणि विश्वस्तांना लग्नाच्या एका मुहूर्तात जे मिळते ते यात्रेकरूंकडून वर्षभरातही मिळेना. चैत्र-वैशाखात तमिळ लग्ने आणि आपल्या मुलांच्या सुट्ट्या एकदम येतात. म्हणून तर आम्हाला दारात केळीचे खांब दिसले. त्यात विश्वस्तांना दोष देणे सोपे आहे. पण इमारतीचे छप्पर गळत असेल तर ते पुण्याने शाकारता येत नाही.

त्या रात्री आम्हाला एग्मोरला स्टेशनच्या विश्रांतिकक्षात जागा मिळाली, दोन खाटांची एक खोली. मुले खाटांवर झोपली, आम्ही दोघे सतरंजीवर. पुढे तंजावरास उतरलो तेव्हा सकाळच्या बसने ओरत्तनाडूला जाऊन मुक्तांबापुरम् पाहून आलो. वाटसरूंचे उतरणे बंद झाल्यावर तेथे शाळा आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालले, असे समजले. आतल्या मोठ्या चौकात सावली होती. मुलांनी दगडी घोड्यांच्या मानेवर हात फिरवले, सौभाग्यवतींनी पिशवीतून दशम्या काढल्या, आणि ओसरीवर बसून आम्ही जेवलो. कोणी हटकले नाही.