गुत्तेदार आणि जकातदार

शुभवर्तमानाचें जुनें इंग्रजी भाषांतर वाचतांना कित्येक वाचक एका शब्दापाशीं अडखळतात. संत मत्तयास तेथें 'पब्लिकन' म्हटलें आहे. आणि चालू इंग्रजींत तर पब्लिकन म्हणजे दारूचें दुकान चालविणारा! मग प्रेषित होण्यापूर्वीं मत्तय मद्यविक्रेता होता कीं काय? तसें मुळींच नाहीं.

लॅटिन 'पुब्लिकानुस' म्हणजे सरकारी उत्पन्नाचा मक्ता घेणारा. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारांत भरी; त्याहून अधिक वसूल होईल तो त्याचा नफा. म्हणूनच लोक त्याचा द्वेष करीत. मराठी पवित्र शास्त्रांत 'जकातदार' हा शब्द योजला आहे, तो यथार्थ होय. पुढें इंग्लंडांत दारूच्या दुकानास 'पब्लिक हाउस' हें नांव पडलें, आणि अठराव्या शतकांत तो जुना शब्द दुकानाच्या चालकास चिकटला.

हें परक्यांचें नवल वाटेल. पण आम्हां पाचोरेकरांसही परिचित असा एक मराठी शब्द याच वाटेनें गेला आहे. 'गुत्ता' म्हणजे मूळ मक्ता. कानडी 'गुत्तिगे' व तेलुगु 'गुत्त' हे त्याचेच भाऊबंद. 'गुत्तेदार' म्हणजे ठेकेदार. दारू विकण्याचा हक्कही सरकार ठेक्यानें देई. होतां होतां 'दारूचा गुत्ता' यांतील दारू गळाली आणि नुसता गुत्ता म्हणजेच दारूचें दुकान झालें. गोमंतकांत माडी काढणाऱ्यास 'रेंदेर' म्हणतात. तोही पोर्तुगीज 'रेंदेइरो', म्हणजे खंडानें घेणारा, याचाच अवतार. 'कलाल' मात्र पेयावरूनच निघाला : संस्कृत 'कल्य' म्हणजे मद्य, आणि तें राखणारा 'कल्यपाल' तोच कलाल. अशा एका कल्यपालाच्या कन्येचा पुत्र काश्मीरच्या सिंहासनावर बसल्याचें बाराव्या शतकांतील 'राजतरंगिणी'त सांगितलें आहे.

सातपुड्यांतील भिल्ल मोहाच्या फुलांची दारू स्वतः गाळीत. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें परवान्यावाचून दारू गाळणें व विकणें गुन्हा ठरविलें. दारू राहिलीच, तिचें उत्पन्न मात्र तिजोरींत जाऊं लागलें. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, तरी लोकांच्या तोंडचा गुत्ता गेला नाहीं. ज्या शब्दास आम्ही नाक मुरडतों, त्यांत सरकारचीही भागी आहे, याची साक्ष तो शब्दच देतो.

मंदिरांत ऊर बडवून क्षमा मागणारा जकातदार नीतिमान ठरून घरीं गेला, असें संत लूकच्या अठराव्या अध्यायांत आहे. धंद्याच्या नांवावरून माणसाची पारख करूं नये, हाच त्याचा बोध.