मरुभूमि आणि मोटार

युद्धांचा इतिहास लिहिणारे बहुधा सेनापतींचीं नांवें लिहितात. फार तर तोफांची आणि रणगाड्यांची संख्या देतात. ज्या गाडीवर पाणी, पेट्रोल आणि शिधा लादून माणसें मुक्कामाला पोंचलीं, तिच्या कमानी कोणी बळकट केल्या, तिच्या रेडिएटरचें पाणी कसें राखिलें, ही हकीकत सहसा तळटीपेंतहि येत नाहीं. घोडदळाच्या काळीं नालबंदाची जी स्थिति होती, तीच यंत्रयुगांत मिस्त्र्याची आहे. परंतु लिबियाच्या वाळवंटाचें एक प्रकरण असें आहे कीं, त्यांतून गाडीची निगा आणि तिची पुनर्घटना वगळली तर सांगण्याजोगें फारसें कांहीं उरत नाहीं. तें प्रकरण राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याचें होय.

नाईल नदीच्या पश्चिमेस पसरलेलें हें वाळवंट जगांतील अत्यंत निर्जल प्रदेशांपैकीं एक आहे. त्यांत ‘ग्रेट सँड सी’ या नांवानें ओळखला जाणारा वाळूचा समुद्र असून त्याच्या उंच टेंकड्या दक्षिणोत्तर रांगांनीं मैलोगणती पसरल्या आहेत. उंट हें येथील परंपरागत वाहन. पण विहिरींमधील अंतर जेथें उंटाच्याहि सहनशक्तीबाहेर जातें, तेथें उंटाचें राज्य संपतें. पहिल्या महायुद्धांत, १९१६ पासून, सेनुसी टोळ्यांवर नजर ठेवण्याकरितां ब्रिटिश सैन्यानें फोर्डच्या ‘टी’ जातीच्या हलक्या गाड्या येथें आणिल्या. त्या तुकड्यांतील न्यूझीलंडचा अधिकारी क्लॉड विल्यम्स आणि भूमापनशास्त्रज्ञ डॉ. जॉन बॉल यांनीं गाडीच्या साहाय्यानें वाळवंटाचे नकाशे तयार केले. शांतता होतांच ही विद्या मागें पडली. पुढें ईजिप्तचा राजपुत्र केमाल-एद्-दीन यानें सित्रोएन कारखान्याच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या खर्चिक गाड्या घेऊन दूरवर प्रवास केले. परंतु असें वैभव ज्याच्यापाशीं नाहीं त्यानें काय करावें, या प्रश्नाचें उत्तर कैरोंतील कांहीं लष्करी अधिकाऱ्यांनीं स्वतःच्या रजेंत आणि स्वतःच्या खर्चानें शोधून काढिलें.

बॅग्नोल्ड १९२६ सालीं ईजिप्तमध्यें आला. प्रथम त्यानें व त्याच्या मित्रांनीं ‘टी’ जातीच्या फोर्ड गाड्या घेऊन सिनाई, सीवा इत्यादि स्थळें पाहिलीं. नंतर १९२९, १९३० आणि १९३२ या वर्षीं ‘ए’ जातीच्या फोर्ड गाड्यांनीं वाळूच्या समुद्रांत प्रवेश केला. या गाड्या कोणत्याहि पेढींत मिळणाऱ्या सामान्य गाड्या होत्या. चारी चाकांना गति देणारें यंत्र त्यांना नव्हतें. त्यांच्यावर केलेला पहिला संस्कार वजाबाकीचा होता. दारें काढिलीं, टप काढिला, समोरची कांच काढिली. मूळचें अंग उतरवून त्या जागीं हलका लांकडी हौदा बसविला. जें काढलें त्याच्या वजनाइतकें पेट्रोल आणि पाणी अधिक नेतां आलें. जेथें अर्ध्या वाटेवर एक डबा पेट्रोल कमी पडणें म्हणजे मृत्यु, तेथें दाराचें वजन ही चैन होते.

पण वजाबाकीनें सर्व भागत नाहीं. जें आहे तें वांया जाऊं न देणें ही पुढील पायरी. मऊ वाळूंत गाडी सावकाश आणि जोर लावून चालते, इंजिन तापतें, आणि पाणी उकळून वाफेच्या रूपानें उडून जातें. माणसाला पिण्यासाठीं मोजून द्यावयाचें पाणी इंजिन असें घटाघटा प्यावयास लागलें, तर प्रवासच खुंटतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं माहीत झालेली एक युक्ति बॅग्नोल्डनें येथें नीट बसविली. रेडिएटरची जादा पाणी सोडणारी नळी बंद करून सगळी वाफ एका रबरी नळीनें गाडीच्या बाजूस बसविलेल्या डब्यांत सोडली. डबा अर्धा थंड पाण्यानें भरलेला. वाफ त्यांत शिरून पुन्हां पाणी होई. डब्यांतलें पाणीहि उकळूं लागलें कीं गाडी वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर उभी करावयाची. इंजिन निवलें कीं रेडिएटरांत पोकळी उत्पन्न होऊन डब्यांतलें पाणी आपण होऊन परत ओढलें जाई. सांधे घट्ट असले तर दिवसाकाठीं एक थेंबहि खर्ची पडत नसे. या योजनेंत नवें यंत्र कोणतेंच नाहीं. एक डबा, एक नळी आणि सांध्यांकडे रोज पाहणारा मनुष्य, एवढीच सामग्री. तथापि या तिहींतील तिसरी वस्तु बाजारांत मिळत नाहीं.

चाक रुतण्याचा प्रश्नहि असाच सुटला. टायरांतील हवा कमी केली कीं त्यांचा तळवा पसरतो आणि भार अधिक जागेवर वांटला जातो. उंटाच्या पायाचीच ही नक्कल. तरीहि गाडी रुतलीच, तर चाकाखालीं घालण्यासाठीं कांहीं कठीण वस्तु हवी. बॅग्नोल्डला ती कैरोंतील एका जुन्या मालाच्या दुकानांत सांपडली: महायुद्धांत खंदकांच्या छपरांसाठीं केलेल्या पोलादी पन्हळी. चाकापुढील वाळू हातांनीं उकरावयाची, पन्हळ सरकवावयाची, गाडी चार हात पुढें न्यावयाची, आणि पन्हळ उचलून पुन्हां तेंच. कधीं कधीं सबंध दिवस याच कामांत जाई.

हें करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, वाळू सर्वत्र सारखी नसते. वाऱ्यानें उडवून आणलेले कण आपटून आपटून जो उतार घडवितात, तो घट्ट असतो. शिखरावरून घसरून आडोशाच्या बाजूस पडलेली वाळू सैल असते, आणि तिचा उतार सुमारें ३४ अंशांवर स्थिरावतो. पहिल्या उतारावर ताशीं ४० मैलांच्या वेगानें सरळ चाल केली तर गाडी टेंकडीच्या माथ्यावर जाते; माथ्यावर सावध न राहिलें तर पलीकडे कोसळते. गाडी कोठें रुतेल, या मिस्त्रीच्या प्रश्नांतून पुढें एक शास्त्रच जन्मलें. लष्करांतून निवृत्त झाल्यावर बॅग्नोल्डनें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत वाऱ्याचा बोगदा उभारून प्रयोग केले. त्यावरील त्याचा ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला आणि १९४४ सालीं तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. मंगळावरील वाळूच्या एका टापूला आज त्याचें नांव आहे.

दिशा राखण्याचें साधनहि गाडीच्या अडचणींतूनच निपजलें. गाडीचें लोखंड होकायंत्राला चकवितें. प्रत्येक वेळीं उतरून दूर जाऊन दिशा पाहावी, तर वेळ जातो. म्हणून एका आडव्या तबकडीच्या मध्यभागीं उभी सुई बसवून तिच्या सावलीवर गाडी हांकण्याचें सूर्ययंत्र त्यानें सुधारलें. तबकडीवर अंशांच्या खुणा. सूर्य सरकेल तशी तबकडी फिरवावयाची, आणि सावली ठरलेल्या खुणेवर ठेवून चालावयाचें.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर बॅग्नोल्ड योगायोगानेंच पुन्हां ईजिप्तमध्यें येऊन पोंचला. त्याला पूर्व आफ्रिकेस नेणारें जहाज भूमध्य समुद्रांत टक्कर होऊन निकामी झालें होतें. वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें दल उभारावें ही त्याची सूचना वरिष्ठांनीं दोनदां नाकारली. १० जून १९४० रोजीं इटली युद्धांत उतरलें, आणि तीच सूचना जनरल वेव्हेल यांनीं तत्काळ मान्य करून त्याला सहा आठवड्यांची मुदत दिली. गाड्या मिळवितांना दुकानांत मिळाल्या तितक्या शेव्हरोले ट्रक घेतल्या आणि उरलेल्या ईजिप्तच्या सैन्याकडून मागून आणिल्या. दीड टन भाराच्या या गाड्या दोन टनांपर्यंत ओझें वाहूं लागल्या, कारण कमानींत जादा पाटे घातले होते आणि दारें व टप पुन्हां एकदां काढले होते. पहिलीं माणसें न्यूझीलंडच्या सैन्यांतून निवडलीं. त्यांत शेतकरी पुष्कळ होते. आपल्या शेतावरचें यंत्र आपणच दुरुस्त करण्याची संवय त्यांना होती, आणि तोच गुण येथें हवा होता. प्रत्येक तुकडीबरोबर सुटे भाग घेऊन एक मिस्त्री असे. या दलाला पुढें ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हें नांव मिळालें. १९४२ सालीं भारतीय घोडदळाच्या पलटणींतून उभारलेलें ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’हि त्याच्या जोडीस आलें.

यांतील एक तपशील विशेष बोधप्रद आहे. १९४१ सालीं दलाला फोर्डच्या चारी चाकांनीं ओढणाऱ्या गाड्या मिळाल्या. वरवर पाहणारास वाटेल कीं आतां सर्व अडचणी संपल्या. परंतु त्या गाड्या जड होत्या आणि पेट्रोल अधिक पीत. म्हणून १९४२ सालीं दल पुन्हां दोन चाकांनीं ओढणाऱ्या शेव्हरोलेकडे वळलें. वाळूंतून बाहेर पडण्याचें बळ आणि परत घरीं येण्याचें इंधन यांत निवड करावयाची वेळ येतांच जाणत्यांनीं इंधन निवडलें. उलट, ज्या डब्यांतून तें इंधन जाई, ते चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे, म्हणजे आपल्या घरोघरच्या रॉकेलच्या डब्याचे सख्खे भाऊ, खडकाळ वाटेवर गळत आणि कष्टानें नेलेलें पेट्रोल वाळूंत मुरे. बळकट जर्मन डबे हातीं लागतील तेवढे जपून ठेवण्यांत या सैनिकांना कमीपणा वाटला नाहीं.

या हकीकतीला एक विषादाची कडा आहे. वाळवंटाच्या शोधकांनीं १९३० सालीं ‘झेर्झुरा क्लब’ नांवाचें मित्रमंडळ स्थापिलें होतें. हंगेरीचा अल्माशी त्याच वर्तुळांतला. १९४२ सालीं तोच अल्माशी ब्रिटिशांकडून पकडलेल्या फोर्ड गाड्या घेऊन जर्मन हेरांना वाळवंटांतून नाईलकांठीं पोंचवीत होता. विद्या एक, वाळू एक. हेतु मात्र परस्परविरुद्ध. हौसेनें मिळविलेलें ज्ञान कोणाच्या कामीं येईल हें मिळविणाराच्या हातीं राहत नाहीं, ही गोष्ट यंत्रविद्येंत वारंवार प्रत्ययास येते.

या दलाची ‘वाइकाहा’ नांवाची एक शेव्हरोले गाडी १९८० सालीं लिबियाच्या वाळूंत सांपडली. लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमनें तिला रंगरंगोटी न करतां गंजलेल्या स्थितींतच जतन केलें, हें उचित झालें. हल्लीं जुनी पिक-अप गाडी घेऊन तिला आडवाटेसाठीं तयार करणारे हौशी लोक सर्वत्र आहेत. त्यांपैकीं बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘तिला काय काय बसवावें?’ बॅग्नोल्डचा पहिला प्रश्न होता, ‘हिच्यांतून काय काढतां येईल?’ आणि दुसरा, ‘जें उरेल त्याकडे रोज कोण पाहील?’ वाळवंटानें त्याच्या गाड्यांना वाट दिली ती या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यानें इतरांवर न सोंपवितां स्वतः दिलें म्हणून.