वारणेची चोपन्न टोकं

मोठ्या नेटवर्कवरच्या वाय-फाय ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर कधी आणि कसं बदलायचं, हा आजच्या भागाचा विषय. रुक्ष वाटेल, पण याच प्रश्नाचा एक जुना अवतार आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच पाहायला मिळतो. वारणानगरला.

1998 साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं त्यात होती आणि गावोगावी मिळून 54 संगणक केंद्रं उभी राहिली. गावातच बाजारभाव कळतील, सरकारी माहिती मिळेल, इंटरनेट येईल अशी स्वप्नं होती. प्रत्यक्षात चाललं ते साखर कारखान्याचं काम: उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल. मला यात अपयश दिसत नाही. तोड लांबली की ऊस शेतातच वाळतो आणि वजन घटतं. शेतकऱ्याला नेमकी तीच माहिती हवी होती.

खरी अडचण पुढे आली. संगणक एकदा बसवला की उद्घाटनाचा नारळ फुटतो, फोटो छापून येतो. पण पाच-सात वर्षांनी मशीन जुनं होतं, सुटे भाग मिळत नाहीत, वीज जाते ती वेगळीच. आणि अशी टोकं चोपन्न! एक नवा प्रोग्रॅम टाकायचा तरी चोपन्न ठिकाणचा विचार करायला हवा.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी याच कामासाठी ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. गावाकडच्या टोकाला संगणकाऐवजी साधा मोबाइल. ठरावीक साच्यातला एसएमएस पाठवायचा. कारखान्याकडे संगणकाला जोडलेला एक फोन तो घेणार, सॉफ्टवेअर नोंदी धुंडाळणार आणि उत्तर एसएमएसनेच परत जाणार. काही बदलायचं झालं तर मुख्यतः मधल्या एका जागी बदलायचं.

आणि हे त्यांनी चोपन्न ठिकाणी एकदम केलं नाही. सात गावं, आठ महिने. गळीत हंगाम पाचेक महिने चालतो, म्हणजे आठ महिन्यांच्या चाचणीची हंगामाशी गाठ पडणारच. संगणकावरची सगळी कामं फोनवर जमली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही नवी पद्धत जास्त पसंत पडली.

आता वाय-फायकडे येऊ. आजच्या कॉलेजात किंवा इस्पितळात शेकडो ॲक्सेस पॉइंट एका कंट्रोलरला बांधलेले असतात. डोकं मध्ये, हे इथेही झालं. तरी प्रत्येक डब्याला स्वतःचं फर्मवेअर असतंच. बऱ्याच डब्यांत दोन प्रती मावतात: चालू एक, राखीव एक. म्हणून नवी प्रत दिवसा सावकाश उतरवून ठेवायची आणि रीस्टार्ट तेवढा रात्री करायचा. शेजारशेजारचे दोन डबे एकाच वेळी बंद करायचे नाहीत, म्हणजे एकाची पोकळी दुसरा भरून काढतो. आधी एकच इमारत घ्यायची, तीही रोज वापरातली. रिकाम्या इमारतीत सगळंच छान चालतं! आणि सगळ्यात आधी यादी तपासायची, कारण नवं फर्मवेअर कधीकधी जुन्या मॉडेलला चालतच नाही.

मग सुट्टी लागेपर्यंत थांबावं का? एरवी हो. पण 16 ऑक्टोबर 2017 ला, ऐन वसुबारसेच्या दिवशी, बेल्जियमचे संशोधक माथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए2 मधली ‘क्रॅक’ ही त्रुटी जाहीर केली. जगभरातली बहुतेक वाय-फाय नेटवर्क तेव्हा डब्ल्यूपीए2 वरच चालत होती. अशा वेळी दिवाळीची सुट्टी विसरायची आणि सात गावांचे आठ महिनेही विसरायचे. चाचणी एका-दोन दिवसांत उरकायची.

त्यातली गंमत अशी की मुख्य धोका फोन-लॅपटॉपना होता. फास्ट रोमिंग चालू असलेल्या ॲक्सेस पॉइंटनाही दुरुस्ती लागत होती, पण सगळे डबे सुधारले तरी लोकांच्या खिशातले जुने फोन तसेच राहत होते. वारणेत चोपन्न टोकं होती, पण ती मोजता तरी येत होती. इथे रोज दारातून किती येतात आणि कुठल्या कंपनीने त्यांचे अपडेट कधीच बंद केलेत, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या हातात नसतं. म्हणून कामाच्या आखणीत फर्मवेअरच्या जोडीला आणखी एक ओळ लिहावी लागते: जुन्या उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क, आणि त्यावरून हिशेबाच्या सर्व्हरकडे जायची वाट बंद.