गाम्सबार्ट : एका शिरोभूषणाचा जीर्णोद्धार

देवपूजेच्या राजोपचारांत चामराला मान आहे. हिमालयातील चमरीच्या पुच्छकेशांचे ते बनते. हिमालयाचे गिरिराजपद या चमरींनी सार्थ केले, असे कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात वर्णिले आहे. परंतु पर्वतातील पशूचा केस मानचिन्ह मानावा, ही कल्पना केवळ भारतीयांची नव्हे. युरोपातील आल्प्सच्या आश्रयाने राहणाऱ्या बव्हेरियन व ऑस्ट्रियन लोकांच्या टोपीवर डोलणारा ‘गाम्सबार्ट’ हा तिचाच दुसरा आविष्कार होय.

‘गाम्सची दाढी’ हा या शब्दाचा अर्थ. तथापि हे केस हनुवटीचे नसतात. गाम्स हा कड्याकपारींत वावरणारा, शेळीच्या कुळातील चपळ प्राणी. त्याच्या पाठीच्या कण्यावर हिवाळ्यात जे लांब केस वाढतात, त्यांचे हे भूषण. केस काळसर, शेंडा मात्र फिकट. त्यामुळे बांधलेल्या झुबक्यावर हिमकणांचे कडे पडल्याचा भास होतो.

मूळचे हे शिकाऱ्याचे चिन्ह. आर्चड्यूक योहान (१७८२–१८५९) याने डोंगरी शिकाऱ्यांचा वेष अंगीकारल्याने त्या वेषास प्रतिष्ठा आली. पुढे १८८३ साली बायरिशझेल येथे योसेफ फोग्ल या शिक्षकाने लोकवेषाच्या रक्षणार्थ मंडळ स्थापिले, आणि त्याचे अनुकरण गावोगाव झाले.

या भूषणाचे शत्रू दोन : कसर आणि जीर्ण दोरा. जीर्णोद्धार करणारा कारागीर प्रथम जुनी बांधणी सोडवितो. केस कोमट साबणपाण्यात धुऊन वाळवितो. बुडाशी गुंतलेली लव विंचरून काढतो. लांबीप्रमाणे निवडून लहान जुड्या बांधतो, आणि मधल्या काडीभोवती त्या थराथराने रचून नव्या दोऱ्याने आवळतो. उंची सारखी करावयाची झाल्यास कात्री बुडाशी लागते, शेंड्यास कदापि नाही. कारण तो फिकट शेंडा एकदा गेला की पुन्हा येत नाही.

जीर्णोद्धाराचे सारे तत्त्व यात आले आहे. दोरा नवा चालतो, केस जुनाच राखावयाचा. आपल्याकडे मात्र चामराचे केस गळू लागताच ते टाकून कृत्रिम तंतूंचे नवे आणण्याकडे कल दिसतो. पुष्कळदा जीर्ण झालेली असते ती केवळ बांधणी. ती पुन्हा बांधणारा हात टिकला, तरच पूर्वजांनी देवावर ढाळलेले चामर पुढील पिढीच्या हाती जाईल.