एबीएस इशारादिवा, जुन्या मालमोटारींतील अनियमित

ब्रेक दाबताच चाके जखडून गाडी घसरू नये यासाठी योजिलेल्या एबीएस यंत्रणेचा पिवळा दिवा जेव्हा मधूनच लागतो व आपोआप विझतो, तेव्हा दोष बहुधा कंप, ओल वा उष्णता यांच्या योगे प्रकट होणारा असतो, सबब गाडी उभी करून केलेल्या तपासात तो सापडत नाही. प्रवरातीरीच्या कोल्हारास, जेथे नगर-मनमाड रस्त्याला घोटीचा रस्ता मिळतो आणि गळीत हंगामात उसाने लादलेल्या गाड्या शेतातील चिखल तुडवीत रस्त्यावर येतात, असे दोष उद्भवण्यास अनुकूल परिस्थिती आहे.

प्रथम नियंत्रकात साठलेला दोषसंकेत वाचून कसूर कोणत्या चाकाची हे ठरवावे. सुटे भाग अंदाजाने बदलीत जाणे हा मालकाच्या पैशाचा निव्वळ अपव्यय होय. त्या चाकाच्या हबवरील दातेरी कड्यासमोर बसविलेला चुंबकीय सेन्सर, बेअरिंग सैल झाल्याने वा गंज चढल्याने, मागे ढकलला जातो आणि अंतर वाढून त्याचा विद्युत्‌संकेत, विशेषतः मंद गतीत, क्षीण होतो. म्हणून चाक उचलून हाताने फिरवावे व मल्टिमीटरवर प्रत्यावर्ती व्होल्टता पाहावी. ती अत्यल्प भरल्यास सेन्सर कड्यास टेकेपर्यंत आत सरकवावा, परंतु बेअरिंगचा सैलपणा आधी दूर करावा. यानंतर वायर हलवीत रोध मोजावा, कनेक्टरमधील हिरवट गंज व अर्थिंग तपासावे. दिवा लागला असता साधे ब्रेक सामान्यतः चालू राहतात. हवेच्या दाबाचाही इशारा मिळाल्यास मात्र गाडी तत्काळ थांबवावी.