आप्पांचं कार्ड

परवा चांदीपच्या घरी माळा आवरताना आप्पांची पत्र्याची ट्रंक निघाली. जुनी रेशनकार्डं, पावत्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड! मागे नूतनीकरणाचे शिक्के, एकाखाली एक.

भाची शेजारीच होती. यंदा बी.कॉम. झाली, रोज मोबाइलवर अर्ज भरते, उत्तर एकाचंही नाही. तिने विचारलं, "मामा, आजोबांना यातून नोकरी लागली?"

नाही लागली.

मग तिला या कार्डाची गोष्ट सांगत बसलो. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सैन्यातून सुटणाऱ्यांना काम मिळावं म्हणून १९४५ साली ही एक्स्चेंजेस निघाली. १९४८ साली ती सगळ्यांना खुली झाली, १९५६ साली राज्यांकडे आली. १९५९ साली कायदा झाला: सरकारी कचेऱ्यांनी आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी, काही अपवाद सोडून, रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. पण गंमत अशी, की एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असं बंधन त्या कायद्यात नव्हतं. म्हणजे कार्ड हा फक्त रांगेतला नंबर.

वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात (पालघर जिल्हा झाला २०१४ साली). आप्पा विरारहून दादर, दादरला पूल ओलांडून सेंट्रलची गाडी, असे ठाण्याला जायचे. शिक्का घेऊन त्याच वाटेने परत. उरलेला वेळ पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिरातींत.

शेवटी नोकरी लागली ती लोकलमध्ये. डब्यातल्या भजनमंडळातले एकजण म्हणाले, "आमच्याकडे क्लार्कची जागा निघालीय, उद्या सर्टिफिकिटं घेऊन गेटवर ये." आप्पा गेले. टायपिंगची परीक्षा झाली, चारजणांतून त्यांना घेतलं. त्याच कारखान्यातून ते रिटायर झाले.

पण आप्पा आयुष्यभर हे खाली मान घालून सांगायचे, "मला ओळखीनं लागली." त्यांना वाटायचं, आपण वशिल्याने शिरलो. परवा शिक्क्यांच्या तारखा नीट पाहिल्या आणि चरकलोच. नोकरी लागल्यावरही कित्येक वर्षं ते नूतनीकरण करत होते. एक सरळ, कुणाच्याही उपकाराशिवायचा कॉल यावा, एवढ्यासाठी? आता विचारणार कोणाला...

भाचीचंही तेच. "मला कुणाला विचारायचं नाही मामा, वशिला नको."

मला वाटतं, दोघांनीही दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या. जागा निघाल्याची बातमी कळणं वेगळं, आणि लायकी नसताना कुणी आत ढकलणं वेगळं. लोकलमधल्या माणसाने आप्पांना बातमी दिली, टायपिंग आप्पांनीच केलं. १९९६ साली आंध्रातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भरतीसाठी एक्स्चेंजकडून नावं मागवा, पण त्याबरोबर पेपरात, रेडिओ-टीव्हीवर आणि नोटीसबोर्डावरही जाहीर करा, आणि जे अर्ज करतील त्यांचाही विचार करा. कारण बातमीच पोचली नाही तर लायक माणूस घरीच बसतो.

ओळखपाळख असलेल्या घरांत ही बातमी जेवताना आपोआप मिळते. आमच्यासारख्यांना ती मागावी लागते, त्यात लाज कसली?

असो. पोर्टल सोडू नकोस, असंही तिला सांगितलं. २०१५ साली सुरू झालेल्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणीला पैसे पडत नाहीत. अप्रेंटिसशिपही बघ, २०१४ च्या दुरुस्तीनंतर तो कायदा बी.कॉम.वाल्यांनाही लागू आहे. नोकरीआधी पैसे मागणारा फोन आला तर सरळ ठेवून दे. आणि दोन वर्षं पुढे असलेल्या मुलींना एवढंच विचार: "तुमच्याकडे जागा कशा निघतात? कुठे कळतं?" नोकरी मागू नकोस, बातमी माग.

तिने मान हलवली. रात्री ओटीवर ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती: "ताई, एक विचारायचं होतं..."

कार्ड मी पुन्हा पिशवीत घातलं. टाकवेना. तुमच्याही घरी असेल ना असं एखादं? मागचे शिक्के नक्की बघा.